अर्धा तास बाहेर

"शर्टाची बटणं स्वतः लावतो?" संस्थेतून चाचणी घ्यायला आलेल्या ताईंनी विचारलं.

"छे हो! त्याला कुठलं जमतंय?" आई म्हणाली, तेवढ्यात शेजारी बसलेल्या सोन्यानं अंगातल्या शर्टाची सगळी बटणं काढून पुन्हा लावायला घेतली.

सोन्या बेचाळीस वर्षांचा. कानांवरचे केस पिकलेले, पण आईच्या लेखी अजून दुपट्यातलाच. याची समज उशिरानं वाढेल, असं डॉक्टर जन्माच्या वेळीच म्हणाले होते. उशिरानं म्हणजे केव्हा, ते विचारायचं तिच्याकडून राहून गेलं.

सोन्या रोज सकाळी ज्या संस्थेत पाकिटं चिकटवायला जायचा, तिनं मोठ्या मुलांसाठी एक घर काढलं होतं. चौघांनी मिळून राहायचं, मदतीला एक मावशी. सोन्याचा जिवलग दोस्त तिथं राहायलाही गेला होता, आणि तेव्हापासून सोन्यानं 'मी पण, मी पण' असा जप लावला होता. पण खोली मिळायची ती रोजचं आपलं आपण करणाऱ्यालाच. ते पाहायला ताई आल्या होत्या. आणि आईनं मनाशी पक्कं केलं होतं, पोराला आज नापास करायचं. त्याला एका इयत्तेतून पुढच्या इयत्तेत ढकला म्हणून एके काळी ती किती मास्तरांच्या हातापाया पडली होती!

"चहा करता येतो?"

"गॅसच्या आसपास फिरकू देत नाही मी."

"ताई, साखर किती घालू?" सोन्या उठलाच.

"बस खाली! म्हणे साखर किती."

"तू दुपारी झोपतेस ना, तेव्हा मी करतो," सोन्या म्हणाला. "पातेलं पण घासून ठेवतो. तुला कळू नये म्हणून."

आई बघतच राहिली. "तरीच मेली पावडर पुरत नाही! मी त्या कामवाल्या बाईवर डाफरले रे!"

ताईंनी हसू आवरलं. "काकू, एक सांगू? तुम्हाला काय वाटतं ते नको. तो रोज काय करतो, तेवढंच सांगा."

"मी करू दिलं तर करेल ना!" आई बोलून गेली आणि तिनं जीभ चावली.

"घरी एकटा राहतो कधी?"

"कध्धी नाही." हे मात्र खरं होतं. "दुकानात बरोबर, बँकेत बरोबर. माझी दाढ काढली तेव्हासुद्धा हात धरून बरोबर."

"कोणी कोणाचा हात धरला होता?"

"तिनं माझा," सोन्या म्हणाला. "ओरडत होती."

ताईंनी पेन खाली ठेवलं. "आज बघूया तर. काकू, तुम्ही अर्धा तास बाहेर जाऊन या. मी आतल्या खोलीत बसते. सोन्या, मी नाहीच असं समज."

आई निघाली. कोपऱ्यापर्यंत गेली. चालताना तिचा डावा हात सारखा मागं जाई आणि रिकामाच परत येई. भाजीवाली म्हणाली, "आज एकट्याच? सोन्या बरा आहे ना?" आई काही न घेताच वळली, धापा टाकत जिना चढली आणि बेल दाबली.

"कोण आहे?"

"मी."

"मी कोण?"

"अरे, तुझी आई! उघड दार."

सोन्या आतूनच म्हणाला, "अर्धा तास झाला नाही अजून."

"सोन्या, मी सांगतेय ना!"

"फिर की जरा. मजा कर."

"पाय दुखतायत रे."

"मग पायरीवर बस. पण लांब जाऊ नकोस हां."

आई पायरीवर टेकली. आत नळ सोडल्याचा आवाज आला, मग सोन्याचं बेसूर गुणगुणणं. एकदा काहीतरी खळकन फुटलं. ती अर्धवट उठली. आतून हाक काही आली नाही. थोड्या वेळानं केरसुणी फिरल्याचा आवाज आला, आणि ती पुन्हा बसली.

वरच्या मजल्यावरचा शिंपी खाली उतरत होता. "काय वहिनी, किल्ली विसरलात?"

"नाही. सोन्या आहे घरात."

"मग बेल वाजवा की!"

"वाजवली," आई म्हणाली. "कामात आहे तो."

आणि शिंप्याला उतरायला वाट मिळावी म्हणून ती पाय जवळ घेऊन भिंतीकडे सरकली.