चारचा डबा

शेवटचा साधा दिवस बुधवारचा. त्या दिवशी बोक्याने खळ खाल्ली.

पुठ्ठ्यांना लावायची ती पिठाची खळ बाबांनी शिजवून निवायला ठेवली होती. बाबा पुस्तकं बांधायचे. घराचा खालचा मजला म्हणजे त्यांचं दुकान: लांब टेबल, पुठ्ठे कापायचं यंत्र, दोऱ्याची रिळं, पुस्तकांवर ठेवायची लोखंडी वजनं आणि या सगळ्यावर देखरेख करणारा एक राखाडी बोका. बाबांच्या प्रत्येक टाक्याकडे तो अशा नजरेने बघायचा, की एक टाका वाकडा गेला तर उद्यापासून कामावर येऊ नका म्हणेल. म्हणून त्याचं नाव मुकादम.

"अगं ए, लवकर खाली ये!" बाबांनी हाक मारली. "मुकादमसाहेबांचं तोंड चिकटलंय!"

मुलगी वरच्या खोलीत छापायला जाणाऱ्या पुस्तकांची मुद्रितं तपासायची. पेन तसंच हातात धरून ती खाली आली. बोक्याच्या डाव्या बाजूच्या मिशा गालाला चिकटून बसल्या होत्या, उजव्या नेहमीसारख्या ताठ. तो मात्र हीच सध्याची रीत आहे अशा थाटात बसला होता. बाबा टेबलाला धरून हसत होते, डोळे पुसत होते, पुन्हा हसत होते.

"हसू नका त्याला," ती म्हणाली. "डूख धरतो तो."

"धरू दे की. घरात एक तरी मानी माणूस हवा."

मानी तर तो होताच. कागद पसरला की त्यावर बसणार, तेही नेमका बाबांना हवा असलेला कोपरा अडवून. स्वच्छ पाण्याची वाटी भरलेली असली तरी तहान भागणार ती ब्रश बुडवायच्या मगातल्या गढूळ पाण्यानेच. खोकं दिसलं की आत शिरणार. पुढचे दोनच पाय मावले तरी चेहऱ्यावर घरमालकाचा भाव. दार उघडा म्हणून बोंबलणार आणि उघडलं की उंबऱ्यावर उभा राहून विचारात पडणार. रुसला की पाठ करून बसणार, पण एक कान मागे वळवून. कुणी माफी मागितलीच तर ऐकू यायला हवी.

खरं व्यसन मात्र एकच, टेबलावरच्या वस्तू खाली ढकलायच्या. पंजाने हळूहळू, समोरच्याच्या डोळ्यांत बघत. कात्री गेली, दाभण गेलं. तिसरा चष्मा फुटल्यावर बाबांनी तह केला. पत्र्याचा एक रिकामा डबा घेतला, त्यात दोन बोल्ट टाकले आणि टेबलाच्या डाव्या कोपऱ्यावर ठेवला. "हा तुझा. बाकीच्याला पंजा लावायचा नाही," असं त्याला बजावलं. आश्चर्य म्हणजे बोक्याने तह पाळला. रोज चार वाजता, त्याच्या खाण्याच्या वेळेला, तो डबा पाडायचा. वर ती पेन ठेवायची, खाली येऊन दोघांचा चहा टाकायची आणि तिसऱ्याच्या बशीत मासा. भिंतीवर घड्याळ होतं, पण त्या घरात चार वाजायचे ते डब्यानेच.

कधी साहेबांना भूक आधी लागायची. मग तीनलाच डबा खणखणायचा आणि ती खुर्चीवरून न उठता ओरडायची, "अजून चार वाजले नाहीत, चोरा!" खालून बाबांचं हसू ऐकू यायचं, मग डबा जागेवर ठेवल्याचा टक् असा आवाज.

गुरुवारी तीन वाजून वीस मिनिटांनी आवाज आला. रोजच्यापेक्षा जड होता. ती एका पाऊण पानभर लांबलेल्या वाक्याचं शेपूट शोधत होती. मान वर न करता ती ओरडली, "अजून चार वाजले नाहीत, चोरा!" आणि पान उलटलं. खालून हसू आलं नाही. टक् झालं नाही. चार वाजता डबाही पडला नाही. चार वाजून दहा मिनिटांनी, चहाची आठवण झाली म्हणून, ती खाली गेली.

बाबा फरशीवर होते. स्टूल आडवं झालं होतं. बोका त्यांच्या खांद्याला टेकून बसला होता. डबा कोपऱ्यावर होता, सकाळी ठेवला होता तसाच.

"तुम्ही घरातच होतात?" डॉक्टरांनी विचारलं.

"वर होते."

"काही पडल्याचा आवाज वगैरे?"

"नाही," ती म्हणाली.

डॉक्टरांनी मान हलवली, कागदावर काहीतरी लिहिलं. त्या पन्नास मिनिटांबद्दल तिने पुढेही कुणाला सांगितलं नाही. ती ठाऊक असलेला आणखी एकच जण होता, आणि तो दारात बसून पंजा चाटत होता.

त्या पंजाकडे बघता बघता तिच्या मनात पहिल्यांदा आलं: ह्याने केलं. वर्षानुवर्षं रोज काही ना काही पाडून, ह्यानेच तिच्या कानांना सवय लावली. घरात काही आपटलं की उठायचं नसतं, हे ह्याने शिकवलं. आणि ज्या दिवशी चारला डबा पाडायलाच हवा होता, त्या दिवशी नेमकं काम चुकवलं.

तिने त्याच्यावर डूख धरला.

लोकांच्या पुस्तकांतल्या चुका काढता काढता तिने सुडाच्या कितीतरी गोष्टी वाचल्या होत्या. त्यांत विष होतं, खोटी पत्रं होती, वीस-वीस वर्षं जपलेले बेत होते. बोक्यावर उगवायच्या सुडाबद्दल मात्र कुणी ओळसुद्धा लिहिलेली नव्हती. तिला सगळं मुळापासून शोधावं लागलं.

आधी तिने डबा बाहेर आणून दुकानाला कुलूप लावलं. मग तो कचऱ्यात टाकला, वर कचऱ्याचं झाकण दाबून बसवलं. खाण्याची वेळ चारची पाच केली. माशाऐवजी बाजारातलं सर्वांत रद्दी, भुशासारखं कोरडं खाणं आणलं. घरातली सगळी खोकी उलगडून सपाट केली. बोका त्या सपाट पुठ्ठ्याच्या बरोबर मधोमध जाऊन बसला, चारी बाजूंना भिंती असल्यासारखा, आणि डोळे मिटून घेतले. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तोही काही कमी नव्हता. जे पान तपासायचं त्याच पानावर तो झोपायला लागला. तिने उचलून खाली ठेवला की एक चक्कर मारून परत. पाणी आता तिच्याच पेल्यातलं प्यायचा, तेही ती बघत असताना. आणि डबा नाही म्हटल्यावर तह मोडला. पहिल्या दिवशी तिचं पेन पाडलं. दुसऱ्या दिवशी पेनांचा अख्खा मग. तिसऱ्या दिवशी चष्मा.

प्रत्येक आवाजाला ती धडपडत उठायची. पेन पडलं तरी उठायची. जिना उतरून कुलूपबंद दारापर्यंत जायची, कुलपाकडे बघायची, परत यायची. बोका कठड्यावरून बघत असायचा. हा आपल्याला मुद्दाम पळवतोय, याबद्दल तिच्या मनात शंका उरली नाही.

चष्म्याचा बदला म्हणून तिने त्याचं अंथरूण धुवायला काढलं. अंथरूण म्हणजे बाबांचा जुना खाकी स्वेटर, कोपरांना विरलेला, त्याच्या टोपलीत घडी करून घातलेला. बोका टोपलीभोवती फिरत राहिला, घशातल्या घशात आवाज काढत राहिला. "रड," ती म्हणाली. साबणाचं पाणी गरम केलं, स्वेटर दोनदा बुडवला, खसाखसा घासला, पिळला. वाळत घालताना सवयीने तो नाकाशी नेला. खळीचा वास नव्हता. पुठ्ठ्याच्या भुशाचा नव्हता. बाबांचाही नव्हता. साबणाचा होता.

ती बराच वेळ तो ओला स्वेटर धरून उभी राहिली. बोका पाठ करून बसला होता, एक कान मागे वळवून.

"हेही तुझ्यामुळेच," ती त्याला म्हणाली. पण आवाजात पूर्वीचा जोर नव्हता, आणि त्यामुळे ती आणखीच चिडली.

आत्याचा फोन आला तो याच दिवसांत. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण, गावाच्या दुसऱ्या टोकाला राहणारी, तोंडाने फटकळ, मनाने मऊ. "तुला एकटीला झेपायचं नाही, मुकादमाला मी नेते," ती म्हणाली. "दादाची तेवढीच आठवण."

आत्याकडे कुत्रा होता. वासराएवढा, प्रेमळ, जो दिसेल त्याला नखशिखांत चाटणारा. नाव फौजदार.

"ने की," ती म्हणाली, इतक्या चटकन की आत्याने पुन्हा एकदा विचारून घेतलं.

रविवारी दुपारी आत्या आली. आल्या आल्या तिने दुकान उघडायला लावलं. दादाचं टेबल तिला बघायचं होतं. इतक्या दिवसांनी दार उघडलं तसा बोका दोघींच्या पायांतून आत सटकला, टेबलावर चढला, डाव्या कोपऱ्यापाशी गेला आणि रिकाम्या जागेचा वास घेत राहिला. आत्या आडवं झालेलं स्टूल सरळ करून त्यावर बसली. मुलगी मात्र दारातच उभी राहिली.

"त्याच्या सवयी लिहून ठेवल्यात," ती म्हणाली आणि आत्याच्या हातात एक कागद दिला. अक्षर सुबक, एकही खाडाखोड नाही. त्या कागदावर तिने दोन दिवस घालवले होते.

आत्याने चष्मा चढवला आणि मोठ्याने वाचायला लागली. "'पोटावर खाजवलेलं फार आवडतं. आठवड्यातून एकदा आंघोळ घालावी, आनंदाने करतो. झोपेतून उठवून मांडीवर घेतलं की खूश असतो.'" तिने कागद जरा लांब धरला. "'कुत्र्यांशी लगेच मैत्री करतो.' हे कुणाबद्दल आहे गं?"

"मुकादमाबद्दल."

"असं?" आत्याने कागदाची घडी घातली. "अगं, दादा रोज संध्याकाळी मला फोन करायचा. दहा मिनिटं तुझ्याबद्दल, नि अर्धा तास ह्या बोक्याबद्दल. पोटाला हात लावला म्हणून ह्याने दादाच्या मनगटावर पाच रेघा आखल्या होत्या. आंघोळीचं नाव काढलं की कपाटावर. आणि शेजारचं कुत्रं खिडकीतून दिसलं तर तीन दिवस जेवला नव्हता. मला काय वेडी समजतेस?"

तिने कागद परत घ्यायला हात पुढे केला.

"जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढतेस तू. एका पानात एवढ्या चुका तुझ्या हातून चुकून होत नाहीत." आत्याने आवाज खाली आणला. "पोरी, मुक्या जनावराने काय घोडं मारलंय तुझं?"

"काही नाही. मी टोपली आणते."

ती वर गेली. टोपली पलंगाखाली होती, आत धुतलेला स्वेटर घडी करून ठेवलेला. तो काढावा की राहू द्यावा, हे ठरवत ती वाकलेली असतानाच खाली दाणकन आवाज झाला.

जड होता.

जिन्याच्या किती पायऱ्या पायाखाली आल्या आणि किती नाही, ते तिला कळलं नाही. शेवटच्या वळणावर गुडघा आपटला. ती दुकानाच्या दारात येऊन चौकटीला धरून उभी राहिली. आत्या स्टुलावरच होती, अगदी धडधाकट. फरशीवर एक लोखंडी वजन पडलं होतं. टेबलाच्या डाव्या कोपऱ्यावर बोका बसला होता आणि सरळ तिच्याकडे बघत होता.

"अगं, वजन पाडलं मेल्याने," आत्या म्हणाली. "एवढं काय धावायचं? तोंड बघ कसं पांढरं पडलंय. बस, बस इथे."

ती बसली नाही. भिंतीवरच्या घड्याळात साडेतीन वाजत होते. ती टेबलापाशी गेली, वजन उचललं, कोपऱ्यावर ठेवलं. टक् असा आवाज झाला. बोक्याने मान पुढे केली आणि तिच्या बोटांना डोकं घासलं. गेल्या कित्येक दिवसांत तिने त्याला हात लावला नव्हता. आत्ताही लावला नाही, पण बोटं मागेही घेतली नाहीत.

"त्याने काही केलं नाही, आत्या."

"मग?"

"तो डबा पाडायचा ना रोज. बाबांनी सांगितलं असेल तुला. मी वरून ओरडायचे त्याला."

"हो. दादा नक्कल करून दाखवायचा तुझी."

पुढचं बोलताना ती आत्याकडे न बघता स्टुलाच्या पायांकडे बघत होती.

"मी डॉक्टरांना खोटं सांगितलं. बाबा पडले तेव्हा मी आवाज ऐकला होता. तीन वाजून वीस मिनिटांनी. मला वाटलं, बोका आहे. मी जागची हलले नाही. वरूनच ओरडले, 'अजून चार वाजले नाहीत, चोरा.'" आता तिने आत्याकडे बघितलं. "बाबांना, आत्या. ते मी बाबांना म्हणाले."