पाठमोरा सराव

आमच्या घरात दोन माणसं अशी आहेत, की एका छपराखाली सारा जन्म काढूनही ती एकमेकांशी एक शब्द बोललेली नव्हती. बरं, भांडण म्हणाल तर तेही नाही.

एक माझी सासू, बायनाबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणते. दुसरे त्यांचे थोरले दीर, माणिकराव, म्हणजे माझे मोठे मामा. आमच्याकडे धाकट्या भावाची बायको थोरल्या दिरासमोर तोंड उघडत नाही, चेहरा दाखवत नाही, आणि शिवायचं तर नावच नको. सासरे गेले, मामांची बायको, म्हणजे मोठ्या सासूबाईही गेल्या, तरी हा रिवाज चालूच राहिला. आत्याबाई भिंतीला सांगायच्या, "जेवाया वाढलंय म्हणावं." मामा तुळशीला विचारायचे, "आज बाजारला कुणी जायलंय का?" नवी नवरी होते तेव्हा मला हसू यायचं. पुढे पुढे डोकं फिरायला लागलं. अहो, हाडामांसाची माणसं समोर असताना भिंतीशी काय बोलायचं?

मागच्या वर्षी मामांचा हात थरथरायला लागला. परभणीच्या डॉक्टरांनी कंपवात सांगितला. गोळ्या सुरू झाल्या, पण पाऊल जमिनीला चिकटल्यासारखं व्हायचं. एक दिवस रांजणातून तांब्या भरून मागे वळताना ते अंगणातच पडले. कोपर चांगलंच सोललं.

त्यांची लेक राजेश्री पुण्याला असते. माझा नवरा बालाजी तिचा चुलत भाऊ. तिचा फोन आला. "वहिनी, दिवाळीला येते आणि दादांना घेऊनच जाते. तू शाळेत, बालाजी दुकानात. पुन्हा पडले तर धरणार कोण?"

तिचं चुकीचं नव्हतं, म्हणून तर मला आणखी राग आला. मामा मात्र ते ऐकून मला म्हणाले, "चौथ्या माळ्यावर मी काय करू, पोरी? इथं गावात, बोरीतच राहू द्या मला." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. लग्नानंतर माझं डी.एड. याच माणसाने हट्टाने पूर्ण करायला लावलं होतं. त्यांना मी कशी जाऊ देणार?

गावातलीच धम्मशीला फिजिओथेरपिस्ट आहे. जिंतूरला तिचा दवाखाना, आणि सकाळी विहाराच्या अंगणात ती म्हाताऱ्या माणसांना 'ताई ची' हा चिनी व्यायाम शिकवते. संथ, पाण्यात हात फिरवावेत तशा हालचाली. तिला मी घरी आणलं. तिने स्पष्टच सांगितलं, "यानं आजार जात न्हाई, मामा. गोळ्या चालूच ठेवायच्या. पण या पायावरचं वजन त्या पायावर कसं न्यायचं ते अंगात मुरतं, तोल सांभाळता येतो. एकट्यानं मात्र करायचं न्हाई. संगं कुणीतरी पायजे."

काही दिवस ती सकाळी येऊन, पोटाशी मडकं धरल्यासारखे हात धरायला लावून, शिकवत राहिली. आत्याबाई स्वयंपाकघराच्या दाराआडून बघायच्या. पण शिकवून संपल्यावर ती येईनाशी झाली, मग मामांसोबत उभं कोण राहणार? दिवसा घरात दुसरं होतंच कोण, आत्याबाईंशिवाय! मी आशाच सोडली.

एक दिवस शाळा लवकर सुटली. फाटकातून आत आले आणि थबकले. मामा अंगणात तुळशीकडे तोंड करून उभे. आत्याबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात, त्यांच्याकडे पाठ करून, डोक्यावरचा पदर एका हाताने धरून. दुसरा हात हवेत तरंगतोय आणि त्या चुलीला सांगतायत, "आता पोटाशी मडकं धरायचं म्हणावं. वजन उजव्या पायावर. घाई न्हाई करायची."

"धरलं," मामा तुळशीला म्हणाले.

मी आल्या पावली मागे फिरले. गल्लीत जाऊन आधी हसले आणि मग मला रडूच आलं. इतकं प्रेम वाटलं त्या दोघांचं.

दिवाळीपर्यंत मामा पाऊल उचलायला लागले. राजेश्री आली, तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात धम्मशीलाला बोलावलं. मामांनी सगळं सुरेख करून दाखवलं. राजेश्रीचा चेहराही सैल झाला.

"आता मागं वळा," धम्मशीला म्हणाली.

मामा जागच्या जागी थिजले. पाऊल रुतलं, खांदा कलला, आणि धम्मशीलाने झटकन धरलं म्हणून वाचले.

"वळायचं तर मी शिकवलं होतं," ती गोंधळून म्हणाली. "रोज करत न्हवता का?"

आत्याबाई उंबऱ्यातच पदर पुढे ओढून उभ्या होत्या. मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पाठमोरे दोघं वळले असते तर समोरासमोर आले असते! म्हणून तेवढं वळणं त्यांनी रोज गाळलं होतं. दोघांनीही, मुकाट्याने.

"आत्याबाई," माझा आवाज चढलाच, "मुद्द्याचंच सोडलं की तुम्ही! वळतानाच तर पडले होते मामा!"

"उद्या निघू या, दादा," राजेश्री हळूच म्हणाली. मामांनी मान खाली घातली.

तेवढ्यात आत्याबाई उंबरा ओलांडून अंगणात आल्या. मामांच्या पुढ्यात उभ्या राहिल्या. दोन्ही हात पुढे करायला त्यांनी पदर सोडला. तो खांद्यावर घसरला, तसाच राहू दिला. त्यांचे ओठ हलले, पण आवाज फुटेना. हाक मारायची तर काय म्हणून? इतक्या वर्षांत त्यांच्यापाशी मामांसाठी हाकच नव्हती. शेवटी राजेश्री वडिलांना म्हणते तेच त्या म्हणाल्या.

"दादा. माझ्याकडं बघा."

मामांनी मान वर केली. कितीतरी वेळ बघत राहिले.

"लय म्हातारी झालीस की गं तू," ते म्हणाले.

"तुमी तरी कुठं तरणे राह्यलात? वळा आता. तोल गेला तर मी धरीन."

मामांनी वजन डाव्या पायावर घेतलं. उजवं पाऊल थरथरत उचललं. अर्ध्यात ते डगमगले, आणि आत्याबाईंनी त्यांचं मनगट घट्ट पकडलं. मामा सावकाश पुरते वळले. मग पुन्हा वळून आत्याबाईंच्या समोर आले.

राजेश्री पायरीवर बसून डोळे पुसत होती. "काकू," ती म्हणाली, "रोज धरशील?"

"एका घरात इतकी सालं काढली आमी," आत्याबाई म्हणाल्या. "आता कामून सोडू?"

मनगट त्यांनी अजून सोडलं नव्हतं. दिवाळी करून राजेश्री एकटीच पुण्याला गेली.