अनिवार्य आनंद

बोदलटोल्याच्या शाळेत फळ्याशेजारी एक पाटी आहे. मंजूर शिक्षक दोन, कार्यरत शिक्षक दोन. पाटी खरी आहे, कारण तिच्यावर शिक्का आहे. त्यातल्या रंजीता मॅडम त्या पाटीखाली उभ्या राहून चार वर्गांतली एकोणीस पोरं शिकवतात. दुसरे लोकेश सर. त्यांना तीन वर्षांपूर्वी तालुक्याच्या कार्यालयाने आठ दिवसांसाठी बोलावून घेतलं. ते आठ दिवस अजून चालू आहेत. सर तिथे शिक्षकांचा ताण कमी करतात.

मॅडम चंद्रपूरच्या. आल्या तेव्हा त्यांना गोंडी येत नव्हती आणि पोरांना मराठी. दोघांपैकी कुणीतरी आधी शिकायला हवं होतं, आणि पगार मॅडमना होता, म्हणून त्या शिकल्या. वर्गात त्यांनी आडवी दोरी बांधली. नवा मराठी शब्द आला की पोरं तो पुठ्ठ्याच्या एका बाजूला लिहीत, दुसऱ्या बाजूला आपल्या घरचा शब्द लिहीत आणि पुठ्ठा दोरीला टांगत. वारा आला की पुठ्ठे फिरत. कधी 'पाणी' दिसे, कधी 'येर'.

या दोरीखाली तिसरीतली मंगली बसायची. दोन वर्षं ती शाळेत एक अक्षर बोलली नव्हती. पहिलीत असताना विस्तार अधिकारी खुशाल साहेब तपासणीला आले होते. त्यांनी पेला दाखवून विचारलं, यात काय आहे? मंगली म्हणाली, "येर." साहेब हसले. साहेब हसले म्हणून ड्रायव्हरही हसला, आणि मोठी माणसं हसतायत म्हटल्यावर पोरंही हसली. मंगलीच्या नावापुढे 'अप्रगत' लिहून साहेब जेवायला गेले.

तेव्हापासून मंगली घरी बोले, शाळेत फक्त लिही. गेल्या आठवड्यात तिने वहीचं एक पान मॅडमपुढे धरलं आणि पानाखाली लिहून विचारलं, की मॅडम शेजारी उभ्या राहिल्या तर हे गुरुवारच्या पालकसभेत सगळ्या गावासमोर वाचू का. मॅडमनी गुरुवार कबूल केला.

बुधवारी मोबाइलवर आदेश आला. गुरुवारी तालुक्याला 'आनंदी शिक्षक' कार्यशाळा. उपस्थिती अनिवार्य. शिक्षकांनी प्रसन्न मुद्रेने यावे आणि हसतानाचा फोटो अकराच्या आत लिंकवर टाकावा.

मॅडमनी चिंचेखाली जाऊन, म्हणजे नेटवर्कमध्ये जाऊन, साहेबांना फोन लावला. मी एकटी आहे, शाळा बंद पडेल, एक मुलगी दोन वर्षांनी तोंड उघडणार आहे, असं सगळं सांगितलं. साहेबांनी शांतपणे ऐकलं आणि ही ताणाचीच लक्षणं असल्याचं कळवलं. मॅडमनी विचारलं, दुसरे शिक्षक परत पाठवता का? साहेब म्हणाले, त्यांना पाठवलं तर तुमचा ताण कोण घालवणार?

"साहेब, माझा ताण तीन वर्षं तुमच्याच कार्यालयात बसलाय," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला. त्या दिवशी त्यांनी कार्यालय रोज मागतं तो संडासाचा फोटो टाकला नाही, हात धुण्याचा टाकला नाही, उकडलेल्या अंड्यांचाही टाकला नाही.

मंगलीचा बाप सुकलू शाळा समितीचा अध्यक्ष. त्याने संध्याकाळी गावसभा बसवली. या भागात बांबूचा ठेकेदार असो की सर्वेक्षणवाला, गावसभेच्या ठरावाशिवाय गावातली काडी हलत नाही. सुकलूने रीतसर विषय मांडला: मॅडमला आनंदी करण्यासाठी गावाबाहेर नेण्याची परवानगी द्यावी काय? म्हाताऱ्या वारलूने शंका काढली, की मॅडमला दुःखी कोणी केलं याचा आधी पंचनामा व्हावा. ती शंका लिहून घेतली. मग ठराव झाला: परवानगी नाही. आनंद द्यायचा असल्यास देणाऱ्यांनी येथे यावे. खाली सह्या, अंगठे. चिंचेखालून सुकलूने त्याचा फोटो साहेबांना पाठवला.

मॅडमना वाटलं, यावर नोटीस येईल. सुकलू म्हणाला, "बांबूच्या ठेकेदारालेबी आमी असाच कागद देतो, मॅडम. त्याले समजते. साहेबालेबी समजन."

गुरुवारी साडेअकराला जीप आली. साहेब उतरले, मागून फुग्यांची पिशवी घेऊन लोकेश सर. साहेबांनी शिस्तभंगाचा विषय काढला, पण समोर सगळं गाव बसलेलं होतं. सुकलूने साहेबांना सतरंजी दाखवली आणि लोकेश सरांपुढे खुर्ची सरकवली. "बसा सर, तुमचीच हाये. तीन वर्षापासून जपून राह्यलो."

सर बसले. मंगली उठली. मॅडम तिच्या शेजारी उभ्या राहिल्या. बराच वेळ नुसता दोरीवरच्या पुठ्ठ्यांचा आवाज येत होता. साहेबांनी घड्याळ पाहिलं. मग मंगलीने वाचलं.

"आमच्या शाळेत दोन खुर्च्या आहेत. एक मॅडमची. मॅडम तिच्यावर बसत नाहीत, वेळ नसतो. दुसरी लोकेश सरांची. तिच्यावर आम्ही अंड्यांचा ट्रे ठेवतो. आज सर बसले म्हणून ट्रे खाली ठेवला."

शेवटचं वाक्य कागदावर नव्हतं.

सर खुर्चीवरून अर्धवट उठले आणि परत बसले. कोणी हसलं नाही. साहेबांनी मात्र टाळ्या वाजवल्या, मंगलीच्या हातात फुगा दिला, मॅडमना हसायला सांगितलं आणि फोटो काढला. मॅडम हसल्या नव्हत्या. तरी फोटो चालला.

जाताना लोकेश सरही जीपमध्ये बसले.

आठवड्याने शिक्क्याचा कागद आला. बोदलटोल्यातील भाषाशिक्षण अनुकरणीय असून, रंजीता मॅडमना आनंदी शिक्षक उपक्रमासाठी आठ दिवसांकरिता प्रतिनियुक्त करण्यात येत आहे.

मॅडमनी कागद दोनदा वाचला. त्यांनी कागद मंगलीला दिला आणि गावसभेत वाचायला सांगितला. मंगलीने धडाधड वाचला, फक्त 'प्रतिनियुक्त'पाशी अडली आणि त्याला आपला शब्द विचारू लागली. म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. वारलू म्हणाला, आपल्या भाषेत असा शब्द नाई.

"नसूच दे," मॅडम म्हणाल्या.

ठराव लिहायला सुकलू कोरा कागद शोधू लागला. मंगलीने आदेशच उलटा केला. मागची बाजू कोरी होती. तिने पेन घेतला आणि गावाने सांगितलं ते लिहिलं, आधी गोंडीत, खाली मराठीत. मॅडम जाणार नाहीत. लोकेश सर परत द्या. आठ दिवस संपले आहेत.

सह्या झाल्या, अंगठे झाले. मग तिने तो कागद 'पाणी'च्या शेजारी दोरीला टांगला. कार्यालयाला फोटो पाठवला नाही. साहेबांना उत्तर हवं असेल तर त्यांनी येऊन वाचावं. मागचं गोंडी कळलं नाही, तर मंगली समजावून सांगेल.