वर कुठली बाजू?

मामांच्या फ्रेमच्या दुकानात त्यांची भाची तीन वर्षं काम करत होती, आणि तीन वर्षं त्यांचं डोकं खात होती. म्हणून मामांनी तिचं नाव प्रोफेसर ठेवलं होतं. लाकडी पट्टी कापता कापता ती आजच्या कलेवर बोलत सुटायची आणि मामा ओठांत खिळे धरून हुंकार भरायचे. तोंडात खिळे असले की वाद घालावा लागत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

दुकानात यायची ती बहुतेक पोस्टरं. गॉगलवाला गायक, ओरडणारा फुटबॉलपटू, सिनेमातली ती जोडी, जिचा घटस्फोट झाला तरी पोस्टर खपतच होतं. प्रोफेसर नाक मुरडायची. एकदा शाळेतली एक मुलगी त्या गायकाची फ्रेम न्यायला आली आणि काचेला गाल लावून तशीच रस्त्याने चालू लागली. 'ही काय कला आहे?' असं म्हणायला प्रोफेसरने तोंड उघडलं होतं, पण तिला चक्क हेवा वाटला. आपलं चित्र असं कोण छातीशी धरणार? कलादालनात चाळीस माणसं येतात, त्यातली तीस एकमेकांना बघायला.

तरी जीव टांगणीला लागला होता तो त्या चाळिसांसाठीच. नवोदितांच्या प्रदर्शनात तिचं एक चित्र निवडलं गेलं होतं. तपकिरी, राखाडी, पिवळे चौकोन. नाव 'शीर्षक नाही'. खरं तर ती दुकानाच्या मागच्या खोलीतली दुपार होती. उंच झरोक्यातून उतरणारं ऊन आणि खाली कामाचं टेबल. पण हे सांगायची तिला लाज वाटायची. दुकानाचं नाव काढलं की लोक चित्राला मोजणार नाहीत, अशी तिची समजूत होती.

फ्रेम मामांनीच केली, ठेवणीतल्या लाकडाची. मागे कड्या बसवण्याआधी त्यांनी रोजच्यासारखं विचारलं, "वर कुठली बाजू?"

"मामा, आजच्या चित्राला वर-खाली नसतं. बघणाऱ्याने ठरवायचं."

मामांनी चित्र दोनदा फिरवून पाहिलं आणि आपल्या मताने कड्या बसवल्या.

उद्घाटनाच्या संध्याकाळी ती दालनात शिरली आणि दारातच थबकली. चित्र उलटं होतं. टेबल छताला चिकटलेलं, ऊन जमिनीतून वर येणारं. शेजारी मामा इस्त्रीच्या शर्टात, घरचं कार्य असल्यासारखे उभे. समोर वर्तमानपत्रात कलेवर लिहिणाऱ्या एक बाई वहीत काहीतरी टिपून घेत होत्या.

"खालून उसळणारा हा प्रकाश फार धाडसी आहे," बाई तिला म्हणाल्या. "यावरच लिहिणार आहे मी."

प्रोफेसरने मान डोलावली. गप्प बसलं की झालं. पेपरात नाव येणार, पुढचं दार उघडणार, आणि वर-खाली नसतं हे तर तिनेच ठणकावून सांगितलं होतं. पण असतं. आपल्या माणसाला कुणीतरी डोक्यावर उभं केल्यासारखं तिला वाटत होतं.

तेवढ्यात मामा तिच्या कानाशी आले. "बरोबर लागलंय ना गं? मला यातलं काही कळत नाही, म्हणून विचारतो."

तिला स्वतःचीच चीड आली.

"उलटं लागलंय, मामा," ती मोठ्याने म्हणाली. "तुमची चूक नाही. तुम्ही विचारलं होतं, मीच शहाणपणा केला."

बाईंचं पेन थांबलं. वही मिटून त्या पुढच्या चित्राकडे गेल्या. मामांचा चेहरा पडला. त्यांनी दालनातल्या माणसाकडून पेचकस मागून घेतला, सगळ्यांच्या देखत जमिनीवर मांडी घातली, कड्या काढून दुसऱ्या टोकाला बसवल्या. मग चित्र टांगलं, सरळ आहे का बघायला दोन पावलं मागे सरकले आणि तिथेच थांबले.

नंतर पुढे होऊन त्यांनी टेबलाजवळच्या एका राखाडी चौकोनापाशी बोट नेलं, रंगाला न लावता.

"इथे मी बसतो," ते म्हणाले.

एरवी प्रोफेसरला शब्दांची वाण नसायची. त्या वेळी तिला नुसतं "हो" म्हणता आलं, तेही रडत.