पंखाचे टाके

लालासाहेब विमानदलातून सुटून कायमचा घरी आला, तेव्हा त्याला जेवणात काय आवडतं हेसुद्धा हरणाबाईला धड सांगता आलं नसतं. लग्नाला बारा-तेरा वर्षं झाली होती. पण तो सगळा काळ तो बंगळूर, जोधपूर, तेजपूर असा हिंडत होता आणि ती इस्लामपूरच्या अलीकडं कृष्णाकाठच्या गावात सासूच्या हाताखाली राबत होती. वर्षातून महिनाभर सुट्टी. त्यातला निम्मा वेळ पाहुण्यारावळ्यांत जायचा. दोघांना मूलबाळ नव्हतं, आणि त्यावर बोलून बोलून गावही आता थकलं होतं. विमानांचे पंख आणि शेपट्या दुरुस्त करायचं नवऱ्याचं काम, एवढंच तिला माहीत होतं.

तर पंच्याहत्तर साली हा माणूस कराड स्टेशनावर उतरला तो लांबलचक लाकडी खोकी घेऊन. बैलगाडीतून ती घरी आली तेव्हा सासूबाईंना, साळूबाईंना, वाटलं की पोरानं शहरातनं पलंग आणि कपाट आणलं.

"आत विमान हाय," लालासाहेब म्हणाला.

"विमान? खोक्यात?"

"सुटं हाय. जोडायचं."

त्याच्या एका पारशी अधिकाऱ्यानं हौसेनं परदेशातून मागवलेलं ते छोटं विमान होतं. दोन माणसांचं. लाकूड, कापड, इंजिन, खिळे-स्क्रू आणि कसं जोडायचं याचे मोठमोठे नकाशे, सगळं त्यातच. साहेबांनी थोडंफार जोडलं, लालासाहेब सुट्टीच्या दिवशी जाऊन हात लावायचा. मग साहेबांची नजर अधू झाली. उडवता येणार नाही म्हटल्यावर त्यांनी सगळा पसारा लालासाहेबाच्या हवाली केला आणि म्हणाले, तू पुरं कर.

ऊस कारखान्याला जायला लागल्यापासून मळ्यातलं गुऱ्हाळ बंदच होतं. त्या छपरात विमान उभं राहायला लागलं. सकाळी भाकरी खाऊन लालासाहेब तिकडं जायचा तो दिवेलागणीलाच परतायचा. पाणवठ्यावर बायका विचारायच्या, "हरणाक्का, कशापायी करतोय गं तुजा दाल्ला?" तिला सांगता यायचं नाही. एकदा धीर करून तिनं त्यालाच विचारलं.

"आवं, झाल्यावर कुटं जायचं हाय तुमास्नी?"

"कुटं न्हाई."

"मग?"

तो पटाशीवरचा भुसा फुंकत राहिला. हरणाबाईचा आणखीच गोंधळ झाला. कुठंतरी जायचं आहे असं तो म्हणाला असता तर तिला वाईट वाटलं असतं, पण निदान समजलं तरी असतं.

सांगाडा पुरा झाल्यावर मुंबईहून सरकारी साहेब आले, लाकडाचा सांधा न् सांधा बघून गेले आणि कापड चढवायला परवानगी मिळाली. तेव्हा एके दिवशी लालासाहेब दुपारीच घरी आला आणि दोरीवर वाळत घातलेली वाकळ हातात धरून उभा राहिला. हरणाबाईच्या वाकळा गावात नावाजलेल्या. टाका कसा, एकासारखा एक.

"ह्यो टाका पंखावर घालशील?" त्यानं विचारलं.

पंख शिवायची रीत वेगळीच होती. पंखाच्या आत लाकडाच्या बारीक फासळ्या होत्या. वरचं कापड आणि खालचं कापड या फासळ्यांना मेणवलेल्या दोऱ्यानं बांधून घ्यायचं, नाहीतर वाऱ्यानं कापड उचलतं. त्यासाठी पंख उभा धरून लाकडी घोडीवर बांधला. एका अंगाला तो, दुसऱ्या अंगाला ती. तिनं हातभर लांब सुई खुपसायची, त्यानं पलीकडून ओढून घ्यायची, फासळीच्या दुसऱ्या बाजूनं परत द्यायची आणि तिनं गाठ मारायची. मधे कापडाची भिंत. एकमेकांचं तोंड दिसत नव्हतं. नुसती सुई येत-जात होती.

आणि पलीकडून लालासाहेब बोलायला लागला.

आधी कामाचंच बोलला, दोरा ताण, सैल सोडू नको. मग हळूहळू तेजपूरच्या पावसाचं बोलला, तिथं पाळलेल्या एका लंगड्या कुत्र्याचं बोलला. जोधपूरला तापानं पडला होता तेव्हा घरी कळवलं नाही, ते बोलला. वांगं त्याला लहानपणापासून आवडत नाही, आणि सुट्टीत आला की ती मुद्दाम भरलं वांगं करायची ते तो मुकाट खायचा, हेही बोलला.

"आवं मग सांगायचं की!" ती कापडाला म्हणाली.

"तू इतक्या हौसेनं वाडायचीस."

हरणाबाईला हसावं का रडावं कळेना. शिवण संपली की पंख खाली घोडीवर आडवा केला जायचा. पंख आडवा झाला की माणूस पुन्हा गप्प. समोरासमोर बसून चहा पिताना तो तिच्याकडं अशा नजरेनं बघायचा की जणू मघाशी बोलणारा कुणी दुसराच होता. ती घरी जाऊन विचार करत बसे, यातला आपला नवरा कुठला? शेवटचा टाका पडला त्या दिवशी तिला वाटलं, विमानाला आणखी दोन पंख असते तर बरं झालं असतं.

शहात्तरची थंडी संपता संपता पंख सुटे करून विमान ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून कराडला नेलं. कराडजवळ कोयनेच्या अंगाला एक धावपट्टी आहे. तिथं ते पुन्हा जोडलं. उडवायला आले कॅप्टन चिंतामण आठल्ये. मूळचे सांगलीचे, एका फ्लाइंग क्लबात विमान शिकवणारे, हसतमुख गृहस्थ. पहिल्या दिवशी त्यांनी ते नुसतंच जमिनीवर पळवलं. मग एकदा टुणकन उचललं आणि खाली ठेवलं. मग रोज थोडं थोडं उंच. लालासाहेब प्रत्येक वेळी खाली उभा राहून मान वर न करता इंजिनाचा आवाज तेवढा ऐकायचा.

सगळ्या चाचण्या झाल्या, कागदावर सह्या झाल्या. त्या दिवशी मुद्दाम हरणाबाईही आली होती. कॅप्टन खाली उतरले, हातमोजे काढले आणि म्हणाले, "लालासाहेब, उत्तम विमान केलंत. आता तुम्ही बसा शेजारी. कृष्णेवरून एक फेरी मारू."

"नगं साहेब."

"अहो, असं काय करता? तुमचं विमान आहे."

"मी न्हाई बसत."

कॅप्टनना आधी चेष्टा वाटली. मग त्याचा चेहरा बघून त्यांनी हलकेच विचारलं, "तुम्ही विमानात बसलाच आहात ना कधीतरी?"

"न्हाई साहेब. एकदा बी न्हाई. बदली झाली तरी आगगाडीनंच गेलो."

हरणाबाई जागच्या जागी थिजली. इतकी वर्षं उसात भांगलताना वरून विमानाचा आवाज आला की ती खुरपं टाकून वर बघायची. कधी पदराआडून हातही हलवायची. त्यात तो असेल, निदान तसल्याच एखाद्यात कुठंतरी असेल, असं समजून. आणि हा कधी जमिनीवरून उठलाच नव्हता! फसवलं म्हणावं तर त्यानं कधी तसं सांगितलंही नव्हतं. तिनंच धरलं होतं. राग कुणाचा करायचा, हेच तिला कळेना.

तेवढ्यात मनात दुसरंच आलं, आणि ते पहिल्यापेक्षा जास्त बोचलं. ती त्याच्याजवळ गेली.

"माज्या टाक्यांचा भरवसा न्हाई व्हय तुमाला?"

"तसं न्हाई गं."

"मग भ्या वाटतं?"

"तसं बी न्हाई."

"मग काय?"

लालासाहेबानं विमानाकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं. "मलाच ठावं न्हाई," तो म्हणाला. आणि तो खोटं बोलत नव्हता, एवढं मात्र तिला दिसलं.

"मी बसते," हरणाबाई म्हणाली.

हे आपण का म्हणालो ते तिला तेव्हाही कळलं नाही आणि पुढंही नाही. कॅप्टननी लालासाहेबाकडं बघितलं. त्यानं पायरीवर तिचा पाय कुठं ठेवायचा ते दाखवलं, तिच्या लुगड्याचा सोगा नीट खोचायला सांगितला आणि खांद्यावरचे पट्टे स्वतःच्या हातानं आवळले. इतके, की तिला श्वास घेताना अडलं.

"वहिनी, कशाला हात लावायचा नाही. भीती वाटली तर माझ्या दंडाला धरा," कॅप्टन ओरडले, कारण इंजिन सुरू झालं होतं.

चाकं खडखडली, मग खडखडायची थांबली. एवढंच झालं. आपण वर आहोत हे तिला लगेच समजलंच नाही. तिनं आधी पंखाकडं बघितलं. टाक्यांच्या ओळी सरळ होत्या. फासळ्यांच्या मधलं कापड किंचित फुगत होतं, बसत होतं. एकही टाका उसवला नाही याची खातरी झाल्यावर तिनं खाली बघितलं.

समोरासमोर येऊन मिळालेल्या दोन नद्या दिसल्या. कराड ओळखू आलं. त्याच्या पुढं मात्र सगळं हिरवंच. ऊस, ऊस, मधून चिंध्यांसारखी रानं. कारखान्याची चिमणी दिसली, मग दुसरी दिसली. आपल्या बाजूची कुठली? गावं चिमटीत मावतील एवढी, आणि सगळी सारखीच. कॅप्टननी विमान वळवून बोट दाखवलं, "ते बघा तुमचं!" तिनं मान हलवली. तिला काही दिसलं नव्हतं. जिथं सून म्हणून आली, जिथं हातांना घट्टे पडले, तेवढी जागा तिला त्या हिरव्यातून वेगळी काढता येईना. पडायची भीती वाटली नाही. या न सापडण्याचीच वाटली. आणि त्याच वेळी गार वाऱ्यात डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती हसत होती. तिचं तिलाच काही कळेना.

चाकं पुन्हा खडखडली. विमान थांबलं तसा लालासाहेब पळत आला. पण तिच्याकडं नाही, थेट पंखाकडं. टाक्यांच्या ओळीवरून बोट फिरवत तो शेवटापर्यंत गेला. हरणाबाईच्या डोक्यात तिडीक गेली. मग तिला दिसलं, तीच ओळ तो परत पहिल्यापासून तपासायला लागला होता.

"बरं हाय न्हवं?" पंखाकडं तोंड करूनच त्यानं विचारलं.

हे पंखाला विचारलं की तिला, हे तिला समजलं नाही. "बरं हाय," ती म्हणाली. पंखाच्या आणि स्वतःच्याही वतीनं.

छपराखाली विमान कुजवण्यात अर्थ नव्हता. ते क्लबात ठेवायचं, पोरांना त्यावर शिकवायचं आणि लालासाहेबानं महिन्यातून दोनदा जाऊन त्याची देखभाल करायची, असं कॅप्टननी सुचवलं. लालासाहेब लगेच कबूल झाला. इतक्या सहज, की हरणाबाईनं त्याच्या तोंडाकडं पुन्हा एकदा बघून घेतलं. पुढं कितीतरी वर्षं तो एस.टी.नं तिकडं जात राहिला. विमानात कधी बसला मात्र नाही.

त्या संध्याकाळी परतीच्या एस.टी.त दोघं एका बाकावर बसली. उंब्रज-कोल्हापूर गाडी, गर्दी बेताची. तो खिडकीशी, पुढं बघत. गाडीनं कराड मागं टाकलं आणि एकाएकी तो म्हणाला, "कापड कसं दिसत हुतं गं वर?"

"फुगत हुतं न् बसत हुतं. झोपल्यालं माणूस श्वास घेतंय तसं."

"सगळीकडं? का मुळाशी जास्त?"

"टोकाकडं जास्त."

मग त्यानं पुन्हा विचारलं. आवाज कसा होता, वळताना अंग कुठं ओढलं, गार किती लागलं. हरणाबाई सांगत गेली. इतका वेळ तो तिच्या तोंडाकडं बघून ऐकतोय, हे तिच्या उशिरा ध्यानात आलं.

"पर कॅप्टननं विमान वळवून दावलं तरी आपलं घर न्हाई दिसलं," ती म्हणाली.

"कुणीकडं बघितलंस?"

"डाव्या अंगाला. नदीकडं."

"जाताना डाव्या. कॅप्टननं विमान वळवून दावलं न्हवं? मग नदी उजव्या हाताला ईल."

"मी बसलेली. मला ठावं का तुमाला? नदी डावीकडंच हुती."

"अगं, कशी आसंल?"

"हुती म्हंते न्हवं!"

पुढच्या बाकावरचा म्हातारा वळून बघायला लागला. लालासाहेबानं खिडकीच्या धुळकट काचेवर बोटानं नदी काढली. तिनं ती पुसून दुसरी काढली. त्यांच्या उतरायच्या पेठनाक्याला गाडी थांबली, कंडक्टरनं दोनदा हाळी दिली, तरी कृष्णा कुठल्या हाताला होती ते दोघांचं ठरलं नव्हतं.