डावखुऱ्याचा हात

"कचेरीत कोनी इळा घेऊन जातं का व? सायबाले वाटंल, कापायले आली!" सासू, राधाबाई, दारातच आडवी उभी राहिली.

"वाटू द्या, आत्याबाई. मी तर नेनार." शकुनं इळा जुन्या लुगड्याच्या धडप्यात गुंडाळला आणि पोर कडेवर मारली. "हात तर दाखवता येत नाही आता. मंग काय दाखवू?"

म्हातारी बाजूला झाली.

सिहोऱ्याच्या अलीकडचं ते गाव. चैताचं ऊन सकाळीच डोळ्यांवर येत होतं. काळ्या रानाला भेगा पडायला लागल्या होत्या, गहू वाळून खुळखुळत होता, आणि गावातला सगळ्यात हुशार कापणारा, शकुचा नवरा मुरलीधर, ओट्यावर पाय सोडून बसला होता. तो डावखुरा. गोफण डाव्यानं, कुऱ्हाड डाव्यानं. लोहारानं त्याच्यासाठी इळ्याचे दातेसुद्धा उलट्या अंगानं पाडून दिले होते. लढाई सुरू झाली, धान्य महाग झालं, तेव्हा तो जबलपूरला गेला आणि कांचघर वस्तीपलीकडच्या एका कारखान्यात पलटणीसाठी पत्र्याचे डबे ठोकायला लागला. ऐन थंडीत मशीन खाली आलं ते त्याच्या डाव्या हातावर. डॉक्टरनं कोपराखाली काही ठेवलं नाही.

आज जबलपूरला त्याच्या भरपाईचा निकाल होता. भरपाई नीट मिळाली तर बटाईनं, म्हणजे पिकाच्या वाट्यावर दुसऱ्याला दिलेलं वावर सोडवून गडी लावता येणार होता. नाही तर वावर गेलंच म्हणा.

कचेरीत साहेब मान खाली घालूनच विचारत होता. पगार किती? हात कुठून गेला? दवाखान्यात किती राहिला? मशीनवरची हाताच्या बचावाची जाळी कोणी काढली? शेवटच्या प्रश्नाला मुरलीधरनं मागं वळून पाहिलं. जाळी त्यानं आपल्या मर्जीनं काढली असं ठरलं असतं, तर सगळंच हातचं गेलं असतं.

मागून कारखान्यातला शालिग्राम मिस्त्री उठला. "जाली हमने निकलवाई, साहब. ऊपर से माल की जल्दी थी. इसका कोई कसूर नहीं."

कारखान्याच्या बाबूनं त्याच्याकडे असं पाहिलं, की उद्या या माणसाला कामावर कोणी घेणार नाही हे शकुला तिथंच कळलं. मिस्त्री खाली बसला आणि उगाच पागोटं सारखं करत राहिला.

"खाना किस हाथ से खाते हो?" साहेबानं विचारलं.

"सीधे हाथ से, साहेब," मुरलीधर म्हणाला.

म्हणजे खरंच होतं ते. चार माणसांत डाव्या हातानं कोण जेवतं? पण साहेबाची लेखणी सरकली, तसं उजवाच कामाचा हात म्हणून लिहिला जातोय असं शकुला वाटलं. डोक्यावरचा पदर पुढं ओढून ती उभी राहिली.

"साहेब, खाने का क्या लेके बैठे जी! काम तो सब उल्टे हाथ से करते थे. ये देखो."

धडपा सुटला. शिपाई पुढं धावला. साहेबानं त्याला थांबवलं, इळा उचलला, उजव्या हातात धरून हवेत फिरवला. थांबला. दात्यांवरून अंगठा नेला. मग डाव्या हातात घेतला, आणि इळा कसा अलगद बसला. त्याच्याही घरी शेती असावी.

"मान गए, बाई," तो हळूच म्हणाला.

शकुनं पोरीला घट्ट धरलं.

"पर कानून में दाहिने हाथ के पैसे ज़्यादा हैं, बाएँ के कम. कौन-सा हाथ काम करता था, ये उसमें पूछा ही नहीं."

सांजवेळी गाडीतून उतरून तिघं घरी आली. राधाबाईनं तोंडाकडे पाहूनच ओळखलं. मुरलीधरनं दोन वाक्यांत सगळं सांगितलं: डाव्याचे म्हणून पैसे कमी बसले, त्यात वावर सुटत नव्हतं. तशी ती मटकन खाली बसली.

"माह्यंच चुकलं रे बापा. लहान होता तं डाव्यानंच घास घ्यायचा तू. मी हात बांधून ठेवायची. जेवनापुरता सुधरला. बाकीच्या कामाले बांधला का असा रडे, मले पाहवेना. सोडून द्यायची. तवाच मन घट्ट केलं असतं तं सारं उजव्यानं शिकला असता. आज बिनकामाचा हात गेला असता, कामाचा राहिला असता."

मुरलीधर तिच्याजवळ सरकला.

"काहून रडून राहिली, आई? तू सोडला म्हनून तं मले मिळाला तो. गोफन मारली त्यानं, वावर कापलं, या पोरीले झुलवलं. बांधला असता तं तवाच मेला असता."

म्हातारीनं डोळे पुसले आणि त्याची रिकामी बाही मांडीवर ओढून घेतली.

"दुखते का रे?"

"हो." त्यानं बाहीच्या रिकाम्या टोकाकडे पाहिलं. "बोटं दुखून राहिली."

चूल पेटवायला निघालेली शकु उंबऱ्यातच थांबली. कोपराखाली, जिथं काहीच नव्हतं तिथं, म्हातारी हळूहळू बोटं दाबून देत होती.