वरच्या थाळीवरचं कुंकू

बुधवारी सकाळी गुणवंतीकाकूंच्या गच्चीवर यंत्र बसलं. रत्नागिरीच्या कॉलेजातून आलेल्या नम्रतानं ते उघडून दाखवलं. कळशीएवढं नळकांडं, आत एकाखाली एक आठ थाळ्या, प्रत्येकीची भोकं वरचीपेक्षा बारीक. पंप हवा ओढतो. जाडसर धूळ वरच्या थाळीवर बसते, छातीत उतरणारी अगदी खाली.

"म्हणजे आम्ही कण्या चाळतो तसंच," काकू म्हणाल्या.

"अगदी तसंच! जांभ्या दगडाच्या चिरेखाणीची धूळ वाडीवर किती येते ते कळेल. फक्त चोवीस तास हात लावायचा नाही हं. शुक्रवारी यंत्र परत द्यायचंय."

काकूंनी हात लावला नाही. पण घरात नवी वस्तू यावी, चालू व्हावी, आणि तिला कुंकू नाही? तीस वर्षं रोज तिन्हीसांजेला तुळशीला कुंकू वाहून धूप दाखवायचा त्यांचा नेम. त्या संध्याकाळी तेच तबक घेऊन त्या गच्चीवर गेल्या आणि यंत्राच्या टोपीवर चिमूटभर कुंकू वाहिलं. ते क्षणात आत ओढलं गेलं. यंत्रानं मान ठेवला म्हणून काकूंना बरंच वाटलं.

गुरुवारी नम्रतानं वरची थाळी काढली आणि ओरडलीच. "काकू, बघा किती लाल! खाणीची धूळ! सरांना आत्ताच फोटो पाठवते."

काकूंनी वाकून थाळी पाहिली. जांभ्याची धूळ कुठली एवढी लालभडक? बोलल्या नसत्या तर कुणाला कळलंही नसतं. पण रोज देवापुढे हात जोडायचे, आणि या पोरीच्या कागदात खोटं जाऊ द्यायचं?

"बाळा, थांब," त्या हळूच म्हणाल्या. "ती खाण नव्हे. ती मी."

सगळं ऐकून नम्रता हसत हसत खालीच बसली. "यंत्राला कुंकू!" मग तिनं डोळे पुसले. "थाळ्या धुऊन पुन्हा लावते. पण आता एकच दिवस आहे, काकू. आणि गच्चीखाली धूरसुद्धा नको."

धूर नको! म्हणजे धूपसुद्धा नाही. लेकीच्या लग्नातही नेम चुकला नव्हता. दुपारी चूल न पेटवता त्यांनी दहीपोहे कालवले. संध्याकाळी पदराचं टोक धरून वारा पाहिला. वारा घराकडून खालच्या शेताकडे वाहत होता. त्यांनी डब्यातलं तुळशीचं रोप कडेवर घेतलं, दुसऱ्या हातात धुपाटणं.

पडवीत बसलेले महिपतकाका, त्यांचे यजमान, म्हणाले, "काय गो, तुळस माहेराक चालली?"

"होय. आणि तुम्ही मुराळी. काडेपेटी घ्या नि चला."

खालच्या शेताच्या बांधावर रोप ठेवलं, कुंकू वाहिलं. धूप पेटला आणि धूर सरळ पलीकडच्या काजूंच्या बागेकडे गेला. काकांनी बेसूर आरती धरली. गवताचा भारा टाकून शेजारची सगुणा टाळ्या वाजवत आली. काकूंना वाटलं, इतकी मोकळी पूजा आपण केलीच नव्हती.

शुक्रवारी वरच्या थाळीवर विटकरी धूळ होती, थोडीच. तळाच्या थाळीवर बारीक धुळीची काळपट साय.

"कालच्याइतकी देखणी नाही," नम्रता म्हणाली.

"खरी आहे ना?"

"शंभर टक्के!"

यंत्र पेटीत गेलं. काकू कुंकवाचा करंडा हातात धरून उंबऱ्यात घुटमळल्या. नम्रतानं पेटीच्या दोन्ही कड्या घट्ट लावल्या, ओढून पाहिल्या आणि पेटी त्यांच्यापुढे धरली.

"आता लावा, काकू. हवं तेवढं."